भलत्याच कागदांत सांपडलेले पूर्वज

आपल्या पणजोबांच्या वडिलांचें नांव काय, असा प्रश्न एखाद्या वर्गांत विचारला तर उत्तर देणारे फार थोडे निघतात. बापाचें नांव सर्वांस ठाऊक असतें, आजाचें बहुतेकांस, पणजाचें कांहींस. पुढें मात्र वाट बंद होते. श्राद्धाच्या वेळीं पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांचींच नांवें घेण्याची जुनी चाल आहे, तिच्याशीं याचा संबंध असावा. ज्यांच्या घरीं ती चाल नाहीं त्यांच्याकडेहि म्हाताऱ्या माणसांची आठवण साधारणतः तितकीच पोंचते. चवथ्या पिढीचा पुरुष घरच्यांच्या तोंडून एकदां गेला, म्हणजे तो कागदांतच शोधावा लागतो.

असा शोध ज्यांनीं केला आहे ते पुष्कळदां सांगतात कीं, जें शोधावयास निघालों तें मिळालें नाहीं, पण भलतेंच पान उलटतांना पूर्वज समोर उभा राहिला. यास लोक दैवयोग म्हणतात. दैव असेल, परंतु थोडीं उदाहरणें जवळून पाहिलीं, तर या योगायोगामागें एक रीत आढळते. वंशाची आठवण राहावी म्हणून मुद्दाम लिहिलेले कागद आपल्याकडे थोडे. जमिनीसाठीं, वतनासाठीं, साऱ्यासाठीं, भांडणासाठीं लिहिलेले कागद उदंड. हरवलेला पूर्वज सांपडतो तो बहुधा या दुसऱ्या ढिगांत. एवढीच गोष्ट आम्हांस येथें दाखवावयाची आहे, आणि प्रारंभ आम्ही उमरखेडच्या शेजारच्या वाशीमापासून करितों.

वाकाटक राजांचें नांव वाचकांनीं इतिहासाच्या पुस्तकांत वाचलेंच असेल. इ. स. च्या तिसऱ्या शतकापासून पांचव्या शतकाच्या अखेरपर्यंत विदर्भावर या घराण्याचा अंमल होता. पहिल्या प्रवरसेनास चार पुत्र झाले व ते चौघेहि राजे झाले, असें पुराणांत म्हटलें आहे. परंतु जे ताम्रपट हातीं आले होते त्यांवरून एकाच पुत्राची शाखा ठाऊक होती; ती रामटेकच्या बाजूची. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता सून म्हणून आली ती याच शाखेंत. बाकीच्या तिघां भावांचें काय झालें? पुराणकारांनीं चार ही संख्या उगीच घातली असावी, असें कोणी म्हटलें असतें तर त्यास उत्तर देणें कठीण होतें.

१९३९ सालीं वाशीम येथें एका शास्त्र्यांच्या संग्रहीं चार पत्र्यांचा एक ताम्रपट असल्याचें उघडकीस आलें. यवतमाळचे संशोधक डॉ. यशवंत खुशाल देशपांडे व श्री. महाजन यांनीं तो प्रथम प्रसिद्ध केला. पुढें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं त्याचें सविस्तर संपादन केलें. हें दानपत्र वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथून दिलेलें. देणारा राजा विंध्यशक्ति हा आपला बाप सर्वसेन आणि आजा प्रवरसेन असल्याचें सांगतो. हा सर्वसेन त्या घराण्याच्या दुसऱ्या कोणत्याहि ताम्रपटांत नव्हता. चारांपैकीं दुसरा भाऊ सांपडला तो असा. इतकेंच नव्हे, तर ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन नांवाचा राजा होता, एवढें जुन्या अलंकारग्रंथांवरून पंडितांस ठाऊक होतें; त्या बेवारस कवीला या चार पत्र्यांनीं बाप मिळाला, गांव मिळालें आणि काळहि मिळाला.

आतां हे पत्रे मुळांत लिहिले कशासाठीं तें पाहावें. विंध्यशक्तीनें आपल्या कारकीर्दीच्या सदतिसाव्या वर्षीं कांहीं अथर्ववेदी ब्राह्मणांस एक गांव दान दिलें. त्या दानाची ही सनद आहे. तिचा आरंभ, जेथें राजाच्या पूर्वजांचीं नांवें आहेत तेथें, संस्कृतांत आहे. गांव, त्याच्या माफी, कोणास किती वांटा, हा व्यवहाराचा भाग प्राकृतांत आहे. हें गांव नंदीकडाच्या उत्तरमार्गांत आहे, असें तींत म्हटलें आहे, आणि नंदीकड म्हणजे नांदेड असें मिराशींनीं ठरविलें. नांदेडहून उत्तरेकडे निघालेला मनुष्य पैनगंगा उतरून आमच्याच भागांत येतो, हें वाचकांस सांगावयास नको. दान घेणाऱ्यास राजाच्या आजाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. त्याला गांव हवें होतें. तांबें जपून ठेविलें जातें तें हक्काचा पुरावा म्हणून. सोळाशें वर्षांनंतर त्या गांवावरील हक्क कोणाचाच उरला नाहीं, आणि जें केवळ प्रस्तावना म्हणून कोरलें होतें तेंच मोलाचें ठरलें.

या कथेचा उत्तरार्ध आम्हांस त्याहून बोधप्रद वाटतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत हरिषेण वाकाटकाचा मंत्री वराहदेव याचा एक शिलालेख आहे व त्यांत वाकाटकांची वंशावळ दिली आहे. लेख पुष्कळ झिजलेला. बूलरसारख्या थोर विद्वानानें एकोणिसाव्या शतकांत तो वाचला, तेव्हां प्रवरसेनानंतरचें नांव त्यानें ‘रुद्रसेन’ असें लाविलें व त्यापुढचें ‘पृथिवीषेण’ असें. कारण दुसऱ्या शाखेच्या ताम्रपटांवरून हींच नांवें ठाऊक होतीं. वाशीमचा पट हातीं आल्यावर मिराशींनीं तीच झिजलेलीं अक्षरें पुन्हां तपासलीं. तेथें ‘सर्वसेन’ होतें व पुढें ‘विंध्यसेन’ होतें. भिंतीवर नांव सर्व काळ होतेंच. वाचणाऱ्याच्या मनांत दुसरें नांव आधींच बसलेलें होतें, म्हणून तें दिसलें नाहीं. पुढें वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथें शक ३८० चा, म्हणजे इ. स. ४५८ चा, एक शिलालेख मिळाला. त्यांत याच शाखेच्या देवसेन राजाचें नांव आहे. त्यामुळें या शाखेच्या एका पुरुषाचें निश्चित वर्षहि कळलें.

दुसरें उदाहरण वाचकांच्या अधिक ओळखीचें आहे. पुण्याच्या दक्षिणेस भोरजवळ कारी म्हणून गांव आहे. तेथें रोहिडखोऱ्याचे देशमुख जेधे यांचें घर. शिवाजी महाराजांबरोबर राहिलेले कान्होजी जेधे ते याच घराण्यांतले. वतनदार घराण्यांस आपला हक्क वेळोवेळीं सिद्ध करावा लागे. त्यासाठीं कोणत्या वर्षीं काय घडलें याच्या टिपणांचा उपयोग होई. जेध्यांच्या कागदांत अशी एक शकावली होती. त्या घराण्यांतील पुरुषानें ती लोकमान्य टिळकांकडे दिली व टिळकांनीं ती १९१६ सालीं प्रसिद्ध केली. तींत शिवजन्माची तिथि शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोंपर्यंत बखरींवरून १६२७ सालच धरिलें जात होतें. केवळ एका घराच्या टिपणावर एवढी गोष्ट कशी मानावी, असा आक्षेप आलाच. परंतु पुढें दूर जोधपुरांत जन्मपत्रिकांचा एक जुना संग्रह मिळाला, त्यांत शिवाजी महाराजांची पत्रिका निघाली आणि ती याच दिवसाशीं जुळली. ज्योतिष्यानें पत्रिका जमविल्या त्या आपल्या विद्येसाठीं. देशमुखानें शकावली ठेविली ती आपल्या घरासाठीं. दोघांस एकमेकांची वार्ता असण्याचें कारण नव्हतें, म्हणूनच त्यांच्या साक्षीला जोर आला. महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी ही तारीख २००१ मध्यें अधिकृत मानिली.

हीं झालीं राजांचीं व देशमुखांचीं घरें. ज्यांच्या घरीं ताम्रपट नाहीं, सनद नाहीं, कुलवृत्तांत छापलेला नाहीं, त्यांनीं काय करावें? आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेक अशाच घरांतून येतात, आणि त्यांच्यासाठीं हा विषय निव्वळ हौसेचा नाहीं. जातीचा दाखला पडताळून घ्यावयाचा असेल तर ठराविक तारखेपूर्वींचा लेखी पुरावा दाखवावा लागतो: अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठीं ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाति व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठीं १३ ऑक्टोबर १९६७. मुलाचा महाविद्यालयांतील प्रवेश आज्याच्या कागदावरील एका शब्दापाशीं येऊन अडतो. असा शब्द एखाद्या विसरलेल्या वहींत मिळाला, तर त्या घरास तो ताम्रपटाहून उणा वाटत नाहीं.

उमरखेडकरांची अडचण थोडी विशेष आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजी कारभाराखालीं गेलें. पैनगंगेपलीकडील मुलूख निजामाकडे राहिला, तो १९४८ पर्यंत. नदी तीच, बाजार तोच, सोयरीकहि दोन्ही कांठांवर. पण लेक पलीकडे दिली कीं तिचीं मुलें दुसऱ्या राज्याच्या दप्तरांत जात. अलीकडे कागद मराठींत व इंग्रजींत, पलीकडे बराच काळ फारशींत व मग उर्दूंत. शिवाय अलीकडचा कारभारहि एका जागीं स्थिर नव्हता. उमरखेड ज्या पुसद तालुक्यांत होतें, तो तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यांत होता. तो जिल्हा मोडला तेव्हां पुसद यवतमाळकडे आलें. १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्यप्रांताशीं जोडलेला, मग मुंबई राज्यांत, १९६० पासून महाराष्ट्रांत. पलीकडे किनवट-माहूरचा भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत होता. ज्यानें हा क्रम ध्यानांत घेतला नाहीं, तो यवतमाळांत जें शोधीत बसतो तें वाशीमच्या जुन्या बासनांत पडून असण्याचा संभव असतो.

वऱ्हाडांतील जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदींस लोक कोतवाल बुक म्हणतात. नांव शोधणारा त्यांत पुष्कळदां निराश होतो, कारण मूल जन्मतें तेव्हां त्याचें बारसें झालेलें नसतें; वहींत ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेंच लिहिलेलें, पुढें बापाचें नांव व जात. म्हणून आज्याचें नांव शोधूं नये, आज्याच्या बापाचें शोधावें. तें घराला ठाऊक नसलें तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरावरून आधीं काढावें. तेथें जन्मतारीख बहुधा गुरुजींनीं अंदाजानें घातलेली असते हेंहि ध्यानांत असावें. जून महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेले इतके विद्यार्थी जगांत अन्यत्र क्वचितच आढळतील!

पलीकडच्या कागदांवर फसली सन असतो. त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. निजामी राज्याच्या अखेरच्या काळांत हें वर्ष ऑक्टोबरांत, आजूर महिन्यापासून, सुरू होई. म्हणून जानेवारीनंतरच्या नोंदीस ५९१ मिळवावे. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. मोडी लिपी व उर्दू वाचणारा मनुष्य जोडीला नसेल, तर पुढ्यांतला पूर्वजहि ओळखूं येणार नाहीं.

अलीकडील एक मोठें उदाहरण या ओघांत सांगण्यासारखें आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें राज्य शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमिली. मराठवाड्यांतील मराठा कुटुंबांच्या पूर्वजांची ‘कुणबी’ अशी नोंद जुन्या कागदांत कोठें आहे हें पाहावयाचें होतें. पुढें तें काम राज्यभर पसरलें. त्यामागील राजकारण या पानांचा विषय नव्हे. आम्हांस कुतूहल वाटलें तें तपासावयाच्या कागदांच्या यादीचें. महसुली कागद, जन्ममृत्यूच्या वह्या, शाळांचीं रजिस्टरें तर तींत होतींच. पण त्यांबरोबर तुरुंगांतील कैद्यांच्या नोंदवह्या, पोलिसांचे पंचनामे, अबकारी खात्याच्या ताडीच्या वह्या यांचाहि समावेश होता. ताडीच्या परवान्याच्या नोंदींत किंवा एखाद्या पंचनाम्याच्या साक्षीदारांत कोणाचा पणजोबा निघाला, तर नातवानें लाजण्याचें कारण नाहीं. सरकारनें ज्याचें नांव लिहून घेतलें तो कागदावर राहिला. सारा वेळेवर भरून निमूटपणें जगलेला शेजारी कदाचित् कोठेंच नाहीं.

समुद्रापलीकडेहि हाच प्रकार. १८३४ पासून मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत कराराचे मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठी लोकहि होते. मळेवाल्यांस मजूर ओळखतां यावा म्हणून प्रत्येकास क्रमांक दिला, जहाजाचें नांव, बापाचें नांव, गांव व जात टिपून घेतली, आणि पुढें पुढें छायाचित्रेंहि काढिलीं. हीं दप्तरें आज तेथील महात्मा गांधी संस्थेंत आहेत व त्या मजुरांचे वंशज तेथें जाऊन आपलें मूळ गांव विचारितात. ज्या वहीनें मनुष्याला आंकडा केलें, त्याच वहींत त्याचा चेहरा राहिला. गांवांचीं नांवें मात्र परक्या कारकुनानें कानांनीं ऐकून लिहिलेलीं. तीं मोठ्यानें उच्चारून पाहिल्याखेरीज उलगडत नाहींत.

या सर्व कागदांत एक उणीव आहे, ती सांगितलीच पाहिजे. जमिनीच्या व वतनाच्या दप्तरांत बायका जवळजवळ नाहींत. आजीचें माहेर कोठलें हें सातबाऱ्यावरून कळत नाहीं. त्यांच्यासाठीं वेगळे ढीग उपसावे लागतात. नाशिक, त्र्यंबक, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गांवोगांवच्या यात्रेकरूंच्या नोंदी असतात, आणि बरोबर आलेल्या बायकांचीं नांवेंहि पुष्कळदां मिळतात. चुलत आज्याच्या अस्थि घेऊन गेलेल्यास स्वतःच्या पणजीचें नांव मिळावें, असें त्या वह्यांत सहज घडूं शकतें. ख्रिस्ती कुटुंबांसाठीं मंडळीचें बाप्तिस्म्याचें रजिस्टर आहे; त्यांत आईचें नांव बापाच्या नांवाशेजारीं असतें, ही त्या वह्यांची मोठीच थोरवी होय. आणि घरांतच पाहावयाचें तर जुनीं तांब्यापितळेचीं भांडीं आहेत. त्यांकडे आम्ही पुन्हां वळूं.

कांहीं सांपडलें म्हणजे मनुष्य हर्षानें आंधळा होतो. वाकाटकांच्या भिंतीवर थोरांस जें घडलें तें आपल्यासहि घडतें. आपल्याकडे आज्याचें नांव नातवास ठेवितात, त्यामुळें एकाच घरांत एकाआड एक तेच नांव येतें आणि दोन पिढ्या एकमेकींत मिसळतात. आडनांवावर तर मुळींच विसंबूं नये. एक भाऊ पाटिलकी करी म्हणून पाटील, दुसरा गांव सोडून गेला म्हणून उमरखेडकर, तिसरा धंद्यावरून ओळखला जाई. आणि जुन्या कागदांत आडनांव पुष्कळदां नसतेंच, फक्त अमुक वल्द तमुक. यासाठीं निदान तीन गोष्टी जुळल्याखेरीज नातें लावूं नये, असें आम्ही सुचवितों: बापाचें नांव, गांव, आणि शेताची चतुःसीमा. चौथी साक्ष शेजाऱ्याची. शेजारचें शेत ज्याचें, तो दुसऱ्या नोंदींतहि शेजारींच असेल तर संशय बराच फिटतो. म्हणून नोंद उतरून घेतांना तिच्या वरची व खालची ओळहि उतरून घ्यावी. पूर्वजाची ओळख पटते ती पुष्कळदां त्या परक्या ओळींवरून. वतनाच्या तंट्यांत खोटे कागद करण्याची कलाहि आपल्या पूर्वजांस चांगली अवगत होती. सोयीच्या ठिकाणीं, सोयीच्या वेळीं निघालेल्या वंशावळीकडे थोडें बारकाईनें पाहावें.

घर शोधतांना कपाटापेक्षां अडगळ आधीं पाहावी. पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिणारा आपलें नांव, गांव व शक देतो. जुन्या पंचांगाच्या समासांत मुलांच्या जन्मवेळा टिपलेल्या असतात. तसबिरीच्या मागील पुठ्ठ्याखालीं, ट्रंकेच्या तळाच्या कागदाखालीं, खरेदीखताच्या पाठीवर पाहावें. आणि भांडीं. लग्नांत, बारशांत, मुंजींत भांडें द्यावयाचें तें नांव घालून, ही आपल्याकडील रीत. देणाराचें नांव, पुष्कळदां गांव, कधीं तारीखहि. मामानें दिलेल्या घागरीवर आजीचें माहेर लिहिलेलें असतें आणि घर मात्र तें चार ठिकाणीं विचारीत फिरतें. दिवाळीच्या सुमारास अशीं भांडीं मोडींत निघतात व कासाराच्या तागडींत जातात. तीं द्यावयाचीं असलीं तर खुशाल द्यावींत. परंतु आदल्या रात्रीं चिंचेनें घांसून, दिव्याजवळ तिरपीं धरून, त्यांवरील अक्षरें जशींच्या तशीं, शुद्धलेखन न सुधारतां, वहींत उतरून घ्यावींत, आणि भांडें कोणत्या कोनाड्यांतून निघालें हेंहि पुढें लिहावें.